झाकणाखालचा हिशेब

शौचालये किती बांधली आणि नळ किती जोडले, याची उत्तरे संसदेत तत्काळ मिळतात. मैला पुढे कोठे जातो आणि तो कोण उपसतो, हे प्रश्न मात्र अद्याप कोणाच्याच खात्यावर नीट मांडलेले नाहीत. केंद्राच्या चार दशकांच्या स्वच्छता-धोरणाचा हा ताळेबंद.

देशातील सर्वांत स्वच्छ शहर हा लौकिक इंदूरने २०१७ मध्ये मिळविला आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालापर्यंत तो कोणाला हिरावू दिला नाही. होळकरांच्या या नगरीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही त्याचा सार्थ अभिमान आहे. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करण्याची शिस्त तेथे रुजली. दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी तयार करणारा प्रकल्प २०२२ मध्ये उभा राहिला. सांडपाण्याच्या व्यवस्थापनासाठी दिला जाणारा 'वॉटर प्लस' हा दर्जा २०२१ मध्ये देशात सर्वप्रथम मिळाला तोही याच शहराला. त्याच इंदूरच्या भागीरथपुरा वस्तीत २०२५ च्या डिसेंबरअखेर नळाला मैलामिश्रित पाणी आले. अतिसाराची साथ पसरली, रुग्णालये भरली, अनेकांचे प्राण गेले. मृतांच्या आकड्यावरून प्रशासन आणि रहिवासी यांच्यात वाद झाला. कारणाविषयी मात्र फारसा वाद उरला नाही. मुख्य जलवाहिनीला गळती होती आणि ज्या जागी गळती सापडली, तिच्यावर शौचालय उभे होते.

या दुर्घटनेने इंदूरची कामगिरी खोटी ठरत नाही. कचऱ्याच्या बाबतीत त्या शहराने जे साधले, ते आजही अनुकरणीय आहे. प्रश्न आहे तो आपण स्वच्छता कशाला म्हणतो, याचा. रस्ता झाडलेला दिसतो, शौचालय रंगविलेले दिसते, नळाची तोटी दिसते. जमिनीखाली जलवाहिनी आणि मलवाहिनी किती अंतरावर आहेत, सेप्टिक टाकी शेवटची कधी उपसली, तिच्यातील मैला घेऊन गेलेला टँकर कोठे रिता झाला, यांतले काहीच डोळ्यांना दिसत नाही. जे दिसते ते मोजायचे आणि जे मोजले त्यालाच यश म्हणायचे, ही सवय दिल्लीतील सत्ताकेंद्राला फार जुनी आहे. कोणत्याही एका पक्षाच्या माथी ती मारता येणार नाही.

विषय राज्याचा, पैसा केंद्राचा

या सवयीचे मूळ अधिकारांच्या वाटणीत आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा विषय राज्यसूचीच्या सहाव्या नोंदीत येतो, तर पाणी सतराव्या नोंदीत. पुढे ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने हे विषय पंचायती आणि नगरपालिकांकडे सोपविता येतील अशी तरतूद झाली. म्हणजे कायद्याच्या भाषेत जबाबदारी राज्याची, प्रत्यक्षात ती ग्रामपंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या दारात, आणि निधीची मोठी कळ मात्र दिल्लीच्या हाती.

केंद्राने पैसा द्यायचा तर त्याचा हिशेबही केंद्राला हवा. दिल्लीत बसून ज्याचा हिशेब घेता येतो, अशाच वस्तूंभोवती मग योजना आखल्या जातात. शौचालय ही अशी वस्तू आहे. त्याला जागा असते, खर्चाची रक्कम असते, छायाचित्र काढता येते, लाभार्थ्याचे नाव लिहिता येते. देखभाल ही अशी वस्तू नव्हे. दुरुस्तीचे उद्घाटन होत नाही आणि न फुटलेल्या वाहिनीची बातमी होत नाही. तारांकित प्रश्नांच्या उत्तरांना जोडलेली परिशिष्टे चाळली तर हे सहज ध्यानात येते. राज्यवार किती बांधले, याचे तक्ते पानोपानी मिळतात. बांधलेल्यांपैकी किती वापरात आहेत आणि किती तुंबले आहेत, याचे तक्ते शोधावे लागतात.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधून दिला, ही त्या दृष्टीने महत्त्वाची सुधारणा होती. गावाच्या हाती पैसा आल्याखेरीज गावची व्यवस्था चालत नाही, हे त्यातून प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य झाले. तथापि पैसा बांधून देणे ही एक गोष्ट आणि तो कशासाठी खर्च झाला हे गावाने गावाला विचारणे ही दुसरी. ही दुसरी गोष्ट देशाला शिकविण्याचा पहिला मोठा प्रयोग महाराष्ट्रात झाला होता.

गाडगेबाबांचा खराटा दिल्लीत

केंद्राचा पहिला ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम १९८६ चा. अनुदान द्यावे आणि शौचालय बांधून घ्यावे, अशी त्याची सरळ रीत होती. बांधलेल्या खोल्यांत गोवऱ्या आणि सरपण रचले गेले, ही त्या काळातील सर्व जिल्ह्यांची सार्वत्रिक तक्रार. १९९९ मध्ये संपूर्ण स्वच्छता अभियानाने अनुदानापेक्षा लोकांच्या मागणीवर भर देण्याचे ठरविले. पण मागणी निर्माण कशी करायची, याचे उत्तर दिल्लीकडे नव्हते.

ते उत्तर महाराष्ट्राने दिले. ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावागावांत स्पर्धा लावली. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडायची, हा गाडगेबाबांचा परिपाठ. त्यांचे नाव लावल्याने सरकारी कार्यक्रमाला एक नैतिक अधिष्ठान लाभले. बक्षीस शौचालयाला नव्हते, गावाला होते. तपासणी समिती येणार म्हणून लोक श्रमदानाला उतरले, गटारे वाहती झाली, शोषखड्डे खणले गेले. अनुदानाच्या मोठ्या रकमा न वाटताही गाव हलते, हे प्रशासनाने तेव्हा प्रत्यक्ष पाहिले. आज सचिवपदापर्यंत पोहोचलेल्या किंवा नुकत्याच निवृत्त झालेल्या महाराष्ट्र केडरच्या कित्येक अधिकाऱ्यांनी जिल्हा परिषदेतील आपली पहिली वर्षे याच अभियानात घालविली.

हीच कल्पना घेऊन केंद्राने २००३ मध्ये निर्मल ग्राम पुरस्कार योजना जाहीर केली. पहिले पुरस्कार २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते दिले गेले. सरपंचांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान, ही बाब ग्रामीण राजकारणात लहान नव्हती. पुढील वर्षांत पुरस्कार मिळविणाऱ्या गावांची संख्या झपाट्याने वाढली आणि त्यात महाराष्ट्र सर्वांत पुढे राहिला.

मात्र दिल्लीत पोहोचताना कल्पनेचा गाभा वाटेतच निसटला. महाराष्ट्रात स्पर्धा दरवर्षी व्हायची. गेल्या वर्षीच्या यशावर यंदा गुण मिळत नसत. राष्ट्रीय पुरस्कार एकदाच मिळायचा. तो मिळाला की प्रमाणपत्र ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागे आणि गावावरची नजर हटे. पहाटे टमरेल घेऊन निघणाऱ्यांना अडविणारी 'गुड मॉर्निंग पथके' पुरस्कारापूर्वी दिसत, नंतर ती दिसेनाशी झाली. पुरस्कारप्राप्त गावांच्या पुढे झालेल्या पाहण्यांत अनेक गावे मूळपदावर गेल्याचे आढळले. धोरणकर्त्यांच्या भाषेत याला 'घसरण' म्हणतात. वस्तुतः मोजणी थांबली की व्यवस्था थांबते, एवढाच त्याचा अर्थ.

दोन आकडे, एक गाव

मोजणीच चुकीच्या वस्तूची असेल तर काय होते, हे २०११ च्या जनगणनेने दाखविले. त्या जनगणनेत ग्रामीण भागातील केवळ ३०.७ टक्के कुटुंबांकडे शौचालय आढळले. मंत्रालयाच्या नोंदींनुसार हे प्रमाण त्याहून कितीतरी अधिक असायला हवे होते. देशात शौचालय असलेली कुटुंबे ४६.९ टक्के आणि दूरध्वनी किंवा मोबाईल असलेली ६३.२ टक्के, हा विरोधाभास तेव्हा बराच गाजला. त्यामागचा अधिक गंभीर प्रश्न मात्र मागे पडला. कागदावरची ती शौचालये गेली कोठे? काही बांधलीच गेली नव्हती, काही पडली होती, काही निकामी झाली होती. आणि तिन्ही प्रकारांसाठी सरकारी नोंदवहीत रकाना एकच होता, 'पूर्ण'.

२ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाने या विषयाला जे राजकीय बळ दिले, ते त्यापूर्वी कधी मिळाले नव्हते. पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून शौचालयाचा विषय काढावा, हेच अभूतपूर्व होते. बारा हजार रुपयांचे अनुदान, जिल्हाधिकाऱ्यांवर थेट दबाव आणि छायाचित्रासह नोंद, यांच्या जोरावर पाच वर्षांत दहा कोटींहून अधिक शौचालये बांधली गेली. २ ऑक्टोबर २०१९ रोजी अहमदाबादेत साबरमतीच्या काठी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. पुढच्याच महिन्यात राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६ व्या फेरीचा अहवाल आला. २०१८ च्या उत्तरार्धात झालेल्या त्या पाहणीत ग्रामीण भागातील ७१.३ टक्के कुटुंबांनाच शौचालय उपलब्ध असल्याचे दिसले. सरकारने पाहणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही देशातील १९ टक्के कुटुंबे उघड्यावर जात असल्याचे नोंदले गेले. चार-पाच वर्षांपूर्वीच्या फेरीत हेच प्रमाण ३९ टक्के होते.

या दोन आकड्यांकडे पाहण्याच्या दोन्ही टोकाच्या रीती चुकीच्या आहेत. ३९ वरून १९ ही घट ऐतिहासिक आहे. ती नाकारणे हा करंटेपणा ठरेल. परंतु १९ म्हणजे शून्य नव्हे. ज्या जिल्ह्याने स्वतःला शून्य घोषित केले, त्या जिल्ह्यातील उरलेल्या कुटुंबाला नंतर शौचालय मागणेही अवघड होते, कारण कागदावर ते कुटुंबच उरलेले नसते.

खड्डा भरल्यानंतर

याहून मोठा पेच शौचालयाच्या मागे, जमिनीखाली आहे. ग्रामीण भागासाठी तज्ज्ञांनी शिफारस केली ती दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयाची. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा. पहिल्यातील मैल्याचे एक-दोन वर्षांत वास नसलेले, निर्धोक खत होते आणि घरचा माणूस ते स्वतः काढू शकतो. रचना स्वस्त, साधी आणि शास्त्रीय. सुलभचे संस्थापक बिंदेश्वर पाठक यांनी १९७० पासून तिचा प्रसार केला. त्याच्याही आधी कोकणात कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याच्या खताचे प्रयोग केले होते. तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून १९३२ मध्ये रत्नागिरीच्या कारागृहात उपोषण करणारे अप्पासाहेब संडासाचा प्रश्न हा जातीचा प्रश्न आहे, हे पुरते ओळखून होते.

दिल्लीच्या योजनांनी नेमके हेच ओळखायचे राहून गेले. डायॅन कॉफी आणि डीन स्पीअर्स यांनी उत्तर भारतातील खेड्यांच्या अभ्यासावर २०१७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात यावर बोट ठेवले आहे. लहान खड्डा लवकर भरेल, मग तो उपसणार कोण, या धास्तीने लोक शौचालयच वापरत नाहीत किंवा खोलीएवढी मोठी टाकी बांधतात. आपला मैला, खत झाल्यावरही, आपण हाताळायचा नाही. ते काम ठराविक जातीचे, ही धारणा त्यामागे आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये तत्कालीन केंद्रीय सचिव परमेश्वरन अय्यर यांनी तेलंगणातील गंगादेवीपल्ली येथे इतर अधिकाऱ्यांसह खड्ड्यात उतरून हे खत स्वतः काढले. भारतीय प्रशासन सेवेच्या इतिहासात तो प्रसंग नोंद घेण्याजोगा आहे. पण प्रसंगाचे धोरण झाले नाही. शौचालय बांधल्याचे अनुदान होते. खड्डा बदलायला आणि उपसायला शिकविण्याची तजवीज त्या तुलनेत नाममात्रच होती.

शहरांची स्थिती वेगळी नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार नागरी भारतात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होते आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. म्हणजे शंभर लिटरमागे अठ्ठावीस. उरलेले बहात्तर लिटर नाल्यात, नदीत, भूजलात. मलवाहिनी नसलेल्या वस्त्यांतील टाक्या खासगी टँकर उपसतात आणि जवळच्या नाल्यात किंवा शेतात रिते होतात.

यावर मार्ग नाही, असे नाही. केंद्राने २०१७ मध्ये मैलागाळ व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. महाराष्ट्रात वाई आणि सिन्नर या लहान शहरांनी प्रत्येक घरची सेप्टिक टाकी तीन वर्षांतून एकदा ठरल्या दिवशी उपसायची आणि गाळ प्रक्रिया केंद्रात न्यायचा, अशी पद्धत २०१८ पासून सुरू केली. टाकी तुंबल्यावर धावाधाव नाही, घरमालकाला वेगळी घासाघीस नाही. कचऱ्याच्या घंटागाडीसारखी ही नित्याची नागरी सेवा झाली. मोठ्या शहरांनी लहान शहरांकडून शिकावे, अशी ही दुर्मीळ उदाहरणे आहेत.

शून्याची व्याख्या

टाकी वेळेवर आणि यंत्राने उपसली गेली नाही की तिच्यात माणूस उतरतो. या माणसाविषयी राज्यसंस्थेला माहीत नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीने १९५२ मध्ये अहवाल दिला. केंद्राच्या मलकानी समितीचा अहवाल १९६० चा. कायदा व्हायला १९९३ उजाडले. स्वच्छता हा राज्यांचा विषय असल्याने त्या कायद्यासाठी आधी राज्यांच्या विधिमंडळांचे ठराव आवश्यक होते. असे ठराव प्रारंभी करणाऱ्या सहा राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. तरीही अंमल सुरू व्हायला १९९७ उजाडले, आणि तो कायदा होता कोरड्या संडासांपुरता. गटारे आणि सेप्टिक टाक्या त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या.

सफाई कर्मचारी आंदोलनाने २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, संसदेने व्यापक कायदा केला आणि तो ६ डिसेंबर २०१३ रोजी, डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, लागू झाला. गटारांची व टाक्यांची धोकादायक सफाई त्याने प्रतिबंधित केली. पण संरक्षक साधने देऊन काम करून घेतल्यास तो मनुष्य 'हाताने मैला उचलणारा' गणला जाणार नाही, अशी वाटही व्याख्येत ठेवली.

ही वाट पुढे आकड्यांनी कशी रुंद केली, ते संसदेच्या एकाच वर्षातील दोन उत्तरांत दिसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी लोकसभेत सांगितले की, मागील पाच वर्षांत गटारे व टाक्या साफ करताना ३४० जणांचा मृत्यू झाला. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत त्यांनीच उत्तर दिले की, हाताने मैला उचलल्यामुळे एकाही मृत्यूची नोंद नाही. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही उत्तरे बरोबर होती. एक काम दोन नावांत विभागले की त्यातील एका नावाखाली शून्य लिहिता येते. गटारात गुदमरलेल्या माणसाच्या कुटुंबाला मात्र ही विभागणी समजावून सांगता येत नाही.

न्यायालयाने २०१४ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरविली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली, मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाईवर बंदीचे आदेश दिले. कार्यपालिकेनेही 'नमस्ते' योजनेखाली गटारे व टाक्या साफ करणाऱ्यांची नोंदणी आरंभिली. २०२४ पर्यंत नोंदविलेल्या सुमारे ३८ हजार कामगारांत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांचे प्रमाण जवळपास ९२ टक्के होते. कोणत्याही समाजशास्त्रीय ग्रंथाहून हा एक आकडा अधिक बोलका आहे.

राजधानीच्या खाली

या साऱ्याचे चित्र एकाच ठिकाणी पाहायचे तर राजधानी सोडून जाण्याची गरज नाही. वजिराबाद ते ओखला हा यमुनेचा २२ किलोमीटरचा पट्टा नदीच्या एकूण लांबीच्या दोन टक्क्यांहून कमी आहे; नदीच्या प्रदूषणाचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भार मात्र याच पट्ट्यात पडतो. जपानच्या साह्याने यमुना कृती योजना १९९३ मध्ये सुरू झाली. एका वृत्तपत्रीय लेखावरून सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून प्रक्रिया केंद्रे वाढत गेली आणि नजफगड नाला तसाच वाहत राहिला, कारण केंद्रांपर्यंत मैला नेणाऱ्या वाहिन्या आणि अनधिकृत वसाहतींतील जोडण्या मागेच राहिल्या. २०२५ च्या विधानसभा निवडणुकीत यमुनेतील अमोनियावरून दिल्ली आणि हरियाणा यांच्यात आरोपांची राळ उडाली. नदी निवडणुकीचा विषय झाली, मलजोडणी झाली नाही. कचऱ्याचीही गत तीच. गाझीपूरचा कचराडोंगर २००२ मध्येच भरला होता. तरी भर पडतच गेली आणि १ सप्टेंबर २०१७ रोजी तो ढासळून दोघांचा बळी गेला.

सरकारी वसाहतीत राहणारा मराठी अधिकारी आणि करोल बागेत गलाईचे दुकान चालविणारा खानापूर-आटपाडीचा मनुष्य यांच्या राहणीमानात कितीही अंतर असो, दोघांचे सांडपाणी अखेरीस यमुनेच्याच वाटेला लागते. या बाबतीत राजधानी कोणालाही वेगळी वाट देत नाही.

मोजायचे ते काय?

जलजीवन मिशनच्या वाटचालीत याच धड्याची उजळणी होत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये ३.२३ कोटी ग्रामीण घरांत नळ होता. २०२५ पर्यंत ही संख्या पंधरा कोटींच्या पुढे गेली. गती विलक्षण आहे. पण २०२५ च्या अर्थसंकल्पात या योजनेची मुदत २०२८ पर्यंत वाढविताना अर्थमंत्र्यांना कामाचा दर्जा आणि देखभाल यांवर भर देण्याचे जाहीर करावे लागले. तोटी बसली म्हणजे पाणी आले असे नव्हे, आणि पाणी आले म्हणजे ते पिण्याजोगे असेलच असेही नव्हे, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच.

या क्षेत्रात आता नव्या घोषणेची निकड नाही. रकाने बदलण्याची आहे. शौचालय बांधले का, याऐवजी टाकी शेवटची कधी उपसली. नळ जोडला का, याऐवजी पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली आणि निकाल गावाला कळला का. यंत्र घेतले का, याऐवजी यंदा किती वेळा माणूस उतरला, हे प्रश्न अनुदानाच्या अटींत आले तर जिल्हा प्रशासन त्यांची उत्तरे शोधू लागेल. कारण वरून जे विचारले जाते तेच खाली केले जाते, हे प्रशासनातील जुने सत्य आहे. गाडगेबाबांच्या नावाच्या अभियानानेही एवढेच केले होते: त्याने गावाला दरवर्षी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

खासदारांनाही यात वाटा आहे. प्रश्नोत्तराच्या तासाला मतदारसंघात किती शौचालये झाली, हे विचारणे सोपे असते. आपल्या मतदारसंघातील नगरपालिकेचा मैला रोज कोठे ओतला जातो, हा प्रश्न अवघड आहे, कारण त्याचे उत्तर पुष्कळदा विचारणाऱ्याच्याच पक्षाच्या नगराध्यक्षाकडे असते. तो विचारला जाईपर्यंत भारताची स्वच्छता झाकणाच्या वरच राहील. झाकण उघडून खाली उतरायचे काम, आजवर ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्याच वाट्याला येत राहील.